इन्सुलेशनवर पैसे घालण्याआधी

होळी झाली की वाचकांची विचारणा सुरू होते: "आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, इन्सुलेशन करून घ्यायचं आहे, कोणतं चांगलं?" काहींचा प्रश्न याहून गोंधळाचा असतो. इलेक्ट्रिशियन सांगून गेला की इन्सुलेशन गेलंय, एसीवाला म्हणतो इन्सुलेशन बदला, आणि टेरेसवाला इन्सुलेशनचं कोटेशन देऊन गेलाय. मग तिघांचं काम एकदमच उरकून घ्यावं का?

नाही. या तिघांचा माल वेगळा आहे आणि कामाची पद्धतही वेगळी. तुम्हाला ऊन अडवायचंय, वीज अडवायचीय, पाणी की आवाज, हे आधी ठरवा. ते ठरलं की निम्मी कोटेशनं आपोआप बाद होतात. सगळ्यात जास्त पैसा छतावर जातो आणि फसवणूकही तिथेच जास्त होते, म्हणून सुरुवात तिथून करू.

घर तापतंय ते नेमकं कुठून?

ठेकेदाराला बोलावण्याआधी एक दिवस घरातच तपासणी करा. त्याला फक्त हाताचा तळवा लागतो.

- दुपारी चारनंतर पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. भिंत गरम असेल आणि छत त्या मानानं बरं असेल, तर टेरेसवर खर्च करून भागणार नाही.
- रात्री दहाच्या सुमाराला स्टुलावर चढून छताला हात लावा. पंख्याची हवा गरम लागते आणि छतही गरम आहे, तर दोष स्लॅबचा. काँक्रीट दिवसभर तापतं आणि साठवलेली उष्णता रात्री खाली सोडतं. वरच्या मजल्यावरच्यांची झोप उडते ती यामुळे.
- काचेवर थेट ऊन येतंय का पाहा. येत असेल तर आतला जाड पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन काचेतून आत येऊन चुकलेलं असतं. बाहेरून बांबूची चटई, कनात किंवा ताडपत्रीचा पडदा लावा. हा उपाय सगळ्यात स्वस्त आहे आणि लोक सगळ्यात शेवटी करतात.

दोष छताचाच निघाला, तर पुढचं वाचा.

छतासाठी पर्याय

पांढरा थर. चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. हा खरं तर ऊन परतवतो, शिरलेली उष्णता अडवत नाही. तरीही पैशाच्या मानानं पहिलं पाऊल म्हणून याला तोड नाही. आधी एकाच खोलीवरचा भाग रंगवा आणि आठवडाभर दोन खोल्यांच्या छताला हात लावून फरक बघा. अडचण पावसाळ्यात येते. कोकणात आणि घाटमाथ्यावर चार महिन्यांत टेरेस शेवाळानं काळीहिरवी होते, आणि मळलेला पांढरा रंग ऊन परतवत नाही. दर फेब्रुवारीत घासून धुणं आलंच. हाच रंग खोलीच्या आतून लावून देणारे महाभाग भेटतात, त्यांना नमस्कार करून पाठवा. आत ऊन नसतं, तर परतवणार काय?

चायना मोझॅक. पांढऱ्या टाइल्सचे तुकडे बसवलेली टेरेस. रंगापेक्षा टिकाऊ आणि धुवायला सोपी. मात्र तुकडे पांढरेच हवेत. रंगीबेरंगी नक्षी हौसेला ठीक आहे, उन्हाला नाही.

स्लॅबच्या वर फोम. हे खरं उष्णतारोधन. टेरेसवर एक्स्ट्रूडेड पॉलिस्टायरीनच्या पाट्या, म्हणजे बाजारातला 'एक्सपीएस बोर्ड', किंवा फवारलेला पॉलियुरेथेन फोम, म्हणजे 'पीयूएफ', वापरतात. स्लॅब मुळात तापतच नाही, त्यामुळे रात्रीचा त्रासही जातो.

खालून फॉल्स सीलिंग. सोसायटी परवानगी देत नसेल तर हाच मार्ग उरतो. नुसत्या पीओपीच्या सीलिंगनं मधल्या हवेमुळे थोडा फरक पडतो. वर रॉकवूल किंवा ग्लासवूल अंथरलं तर चांगलाच पडतो. स्लॅब मात्र तापत राहतो आणि खोलीची उंची कमी होते. ग्लासवूलचं काम चालू असताना घरातल्यांनी त्या खोलीत जाऊ नये. त्याचे तंतू अंगाला खाजवतात आणि घशात जातात.

वर पत्र्याची शेड. टेरेसवर सावली आली की स्लॅब तापत नाही, आणि गळतीही थांबते, म्हणून ही लोकप्रिय. महापालिकेची किंवा नगरपालिकेची परवानगी न घेता उभारलेली शेड पाडली जाऊ शकते. "सगळेच करतात" हे उत्तर नोटीस आल्यावर चालत नाही.

नवा कोबा हा पर्याय मी मुद्दाम या यादीत घेतलेला नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे आणि त्यानं उष्णता थोडी अडतेही. पण चार-साडेचार इंचांचा कोबा दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जातो. जुना न काढता त्यावर नवा चढवायचा सल्ला कोणी दिला, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लेखी मत घ्या. तीस वर्षं जुन्या इमारतीच्या डोक्यावर हा बोजा ठेवणं मला अजिबात मान्य नाही.

किती जाड हवं?

इथं थोडे आकडे लागतात, कारण कोटेशनमधली खरी मेख जाडीत असते.

कोबा नसलेल्या सहा इंची उघड्या स्लॅबमधून, आत-बाहेरच्या दर अंश फरकामागे, चौरस मीटरला साधारण ३.३ वॉट उष्णता खाली येते. वर एक इंच एक्सपीएस घातलं की हा आकडा ०.९ च्या आसपास येतो. दोन इंचांनी ०.५, चार इंचांनी ०.३. पहिल्याच इंचाचा पराक्रम मोठा असतो, दुसऱ्याचा बऱ्यापैकी, आणि पुढे खर्च दुपटीनं वाढून फायदा किरकोळ. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनं २०१८ साली निवासी इमारतींसाठी आणलेल्या 'इको निवास संहिते'त छताची मर्यादा १.२ वॉट आहे. आपल्या हवेत दीड ते दोन इंच पुरे. चार इंचांचा आग्रह धरणाऱ्याला शीतगृह आणि घर यांतला फरक विचारा.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की दोन इंच एक्सपीएसला उष्णता अडवण्यात बरोबरी करायची, तर काँक्रीट सुमारे अडीच मीटर जाड लागेल. त्यामुळे एक-दीड मिलिमीटरचा कुठलाही 'चमत्कारी' थर फोमइतकं काम करतो असं सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. तो ऊन परतवत असेल, तेही तो स्वच्छ असेपर्यंत.

आणखी एक वाक्य हमखास ऐकू येईल: "दहा डिग्री कमी होणार, गॅरंटी." कशाचं तापमान दहा अंशांनी कमी होणार, ते विचारा. बहुतेक वेळा तो टेरेसच्या पृष्ठभागाचं सांगत असतो. भर दुपारी काळी टेरेस आणि पांढरी टेरेस यांत तेवढा फरक सहज पडतो. खोलीतल्या हवेत दहा अंश कमी होत नाहीत.

आधी पाणी, मग ऊन

फोम आणि लोकर ही सगळी मंडळी आपल्या पोटातल्या कोरड्या हवेच्या जोरावर काम करतात. पाणी स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेतं. तेव्हा ओलं झालेलं इन्सुलेशन म्हणजे गेलेले पैसे. गळक्या टेरेसवर फोम टाकणं तर त्याहून वाईट, कारण गळती झाकली जाते आणि पाणी आत कुठून कुठे फिरतंय ते कळत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. जुनं प्लास्टर ठोकून पाहा. पोकळ वाजेल तेवढं काढा, भेगा भरा.
2. पाण्याचा उतार तपासा. शंभर फुटांना एक फूट तरी उतार पन्हाळ्याच्या दिशेला हवा.
3. वॉटरप्रूफिंगचा थर द्या.
4. पन्हाळी बंद करून टेरेसवर दोन ते तीन दिवस पाणी तुंबवून ठेवा. खालच्या छताला ओल आली तर पुढचं काम थांबवा.
5. मगच एक्सपीएसच्या पाट्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड, त्यावर काँक्रीटचा थर किंवा टाइल.

चौथी पायरी गाळण्याकडे ठेकेदारांचा कल असतो, कारण तीन दिवस मजूर बसून राहतात. ती गाळू देऊ नका. पाट्या एक्सपीएसच्याच हव्यात, कारण साध्या थर्माकोलच्या मण्यांमधून पाणी शिरतं. दोन्ही पांढरट दिसत असतील तर पाटी मोडून बघा. मोडल्यावर साबुदाण्यासारखे दाणे सुटले तर तो थर्माकोल.

हे काम दिवाळी ते मार्च या काळात करा. मे महिन्यात सगळे एकदम जागे होतात, दर चढतात, आणि वळवाच्या एका सरीनं अर्धं काम वाया जातं.

पत्र्याचं घर असेल तर

पत्रा उष्णता साठवत नाही. ऊन पडलं की लगेच तापतो, मावळलं की लगेच निवतो. म्हणून इथं रात्रीपेक्षा दुपार कठीण. बाहेरून पांढरा रंग आणि आतून थोडी पोकळी सोडून सीलिंग, एवढ्यानं बराच फरक पडतो. चंदेरी फॉइलची गुंडाळी मिळते तीही चालते, पण चकचकीत बाजूसमोर इंचभर तरी मोकळी हवा हवी. पत्र्याला चिकटवून वर प्लायवूड ठोकलं तर चंदेरी असून उपयोग शून्य. नवं छप्पर घालणारच असाल तर दोन पत्र्यांमध्ये फोम असलेले तयार पॅनेल घ्या. विदर्भातल्या उन्हाळ्यात तो जादा खर्च वसूल होतो.

छप्पर जुन्या सिमेंटच्या पत्र्यांचं असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ते कोरडं घासू नका, त्याला भोकं पाडू नका. त्याची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

वायरींचं इन्सुलेशन

वॉशिंग मशीनला किंवा नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो, स्विचबोर्डजवळ करपट वास येतो. असं काही होत असेल तर तारेवरचं आवरण कुठेतरी गेलंय किंवा ओलं झालंय. इथं थांबण्यासारखं काही नाही. त्या भागाचा एमसीबी बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा.

"सारखा ट्रिप होतो ना, डायरेक्ट करून देतो" असं म्हणणारा माणूस घरात पुन्हा घेऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडतो तो तुमचा जीव वाचवण्यासाठी. तो वगळून वीज सुरू ठेवणं म्हणजे आजार तसाच ठेवून थर्मामीटर फोडणं.

इलेक्ट्रिशियनकडून मेगर लावून तपासणी करून घ्या. ५०० व्होल्टच्या चाचणीत आकडा एक मेगाओहमच्या खाली आला तर ती लाइन वापरू नका. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं वायरिंग असेल आणि त्यावर आता दोन एसी चालत असतील, तर त्रास नसतानाही ही तपासणी करावी.

नवी वायर घेताना:

- बंडलाच्या खोक्यावर नव्हे, वायरीच्या आवरणावर आयएसआय खूण, 'आयएस ६९४' आणि परवाना क्रमांक छापलेला हवा. तो क्रमांक मोबाइलवरच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा-खोटा तपासता येतो.
- दिव्या-पंख्यांना १.५, प्लगना २.५ आणि एसी-गीझरला ४ चौरस मिलिमीटर ही नेहमीची मापं. बारीक वायर जास्त भारानं तापते आणि आवरण सुकून तडकतं. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे.
- भिंतीच्या आत काळी टेप गुंडाळून जोड देऊ देऊ नका. जोड जंक्शन बॉक्समध्ये, कनेक्टरनं.

आता छत आणि वायर यांची गाठ कुठे पडते ते पाहा. हा मुद्दा ना टेरेसवाला सांगतो ना इलेक्ट्रिशियन. फॉल्स सीलिंगवर लोकर किंवा थर्माकोल अंथरला की त्याखाली गाडलेल्या वायरींची उष्णताही आतच कोंडते. एरवी जी वायर सहज भार ओढते, ती तिथे तापते. शिवाय पीव्हीसीची वायर थर्माकोलला चिकटून राहिली तर आवरण मऊ ठेवणारं द्रव्य हळूहळू थर्माकोलमध्ये उतरतं आणि आवरण ठिसूळ होतं. म्हणून सीलिंगवरच्या वायरी पाइपातून न्या. छतात बसवलेल्या दिव्यांभोवती इन्सुलेशन न घालता जागा मोकळी सोडा. थर्माकोल पेटतो आणि काळा, गुदमरवणारा धूर सोडतो. सीलिंगच्या वर मी तो घालणारच नाही, रॉकवूल घालीन.

एसी, गीझर, सोलर

एसीच्या तांब्याच्या पाइपांवर काळा रबरी फोम असतो. उन्हानं तो दोन-तीन वर्षांत तडकतो, पाइपाला घाम येतो आणि भिंत ओली होते. लोक त्याला गळती समजून गॅस भरून घेतात. फोम बदलताना दोन्ही पाइपांवर वेगवेगळा चढवायला सांगा आणि उघड्यावरच्या भागाला उन्हापासून आवरण करून घ्या.

साठवणीच्या गीझरवरचे तारे हे मुख्यतः त्याच्या टाकीच्या इन्सुलेशनचेच गुण असतात. बंद गीझरमधलं पाणी चोवीस तासांत किती उष्णता गमावतं, यावर ते ठरतात. दिवसातून एकदाच दहा मिनिटं गीझर लावणाऱ्या घरात पाच ताऱ्यांसाठी फार पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सोलरची टाकी कंपनीतून इन्सुलेशनसह येते. टेरेसवरून न्हाणीघरापर्यंतची नळी मात्र बरेचदा उघडीच राहते. गरम पाणी येईपर्यंत दोन बादल्या सोडाव्या लागत असतील तर त्या नळीला फोम घाला. पॅनेल बदलायला सांगणाऱ्याचं ऐकण्याआधी हे करा.

आणि आवाज? फोम, थर्माकोल, अंड्यांचे ट्रे यांनी शेजारच्या टीव्हीचा आवाज अडत नाही. आवाजाला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात. दाराखालची फट बुजवून सुरुवात करा.

सोसायटी आणि तुम्ही

टेरेस सामाईक असते. वरच्या मजल्यावरच्या सभासदानं स्वतःच्या खर्चानंही परस्पर काम करू नये. सचिवांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

- गळती असेल तर टेरेसची दुरुस्ती आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीनं सोसायटीच्या खर्चानं करायची असते. "वरचे राहतात, त्यांनी भरावं" हा ठराव टिकणारा नाही. सोसायटी ऐकत नसेल तर दुरुस्ती-गळतीचे वाद सहकार न्यायालयात जातात.
- फक्त उष्णता असेल तर सोसायटीवर असं बंधन नाही. सर्वसाधारण सभेत विषय ठेवा. वॉटरप्रूफिंग निघणारच असेल तर त्यातच फोमची भर घालायला सांगा, जादा रकमेचा वाटा उचलण्याची तयारी दाखवा. पाठिंबा मिळतो तो अशा वेळी.
- इमारत नवी असेल तर रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिलेला बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष बिल्डरनं तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. गळकी टेरेस त्यात येते. परस्पर दुसऱ्याकडून काम करून घेतलंत तर बिल्डर तेच कारण पुढे करील, म्हणून आधी लेखी तक्रार.
- भाड्यानं राहत असाल तर चटया आणि पडदे असे उठवून नेता येतील इतपतच उपाय करा. वायरिंगचा दोष मात्र मालकाला लेखी कळवा. मीटरच्या पुढचं वायरिंग वीज कंपनीचं नव्हे, घरमालकाचं असतं. मीटरच्या अलीकडचा, वीज कंपनीकडचा बिघाड असेल तर १९१२ वर तक्रार करा.

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

मालाचं नाव, मिलिमीटरमध्ये जाडी, किती चौरस फूट, पाणी तुंबवून चाचणी किती दिवस, आणि वॉरंटी कोणाची, कंपनीची की ठेकेदाराची. "दहा वर्षांची गॅरंटी" ठेकेदाराच्याच लेटरहेडवर असेल तर तो दहा वर्षं धंद्यात राहील का, याचा अंदाज तुम्हीच करायचा. पैसे टप्प्यानं द्या आणि शेवटचा टप्पा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत हातात ठेवा. बिल जीएसटीचंच घ्या. "बिल नको, अठरा टक्के वाचतील" म्हणणाऱ्याचे पैसे वाचतात, तुमचा पुरावा जातो.

काम बिघडलं आणि माणूस फोन उचलेना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करा. त्यानं नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार दोन वर्षांच्या आत दाखल करायची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लागतोच असंही नाही. सोबत कोटेशन, बिल, पैसे दिल्याचे पुरावे जोडा. काम चालू असताना रोज काढलेले फोटोही जोडा, विशेषतः पाटीला फूटपट्टी लावून जाडी दाखवणारा फोटो. वर काँक्रीट पडल्यावर ती जाडी पुन्हा कोणाला मोजता येत नाही.